गाडीचं बंद नाक

बाबाच्या जुन्या पिकअपचं नाक उघडायचं म्हणून पाने, हातोडे आणि मट्टीतेलाची बाटली घेऊन मी गावी गेले, तेव्हा माय दारातच म्हणाली, "तुले दुसरे धंदे नाही काय व?"

धंदा मला आहे. यवतमाळात माझं मोटरपंपाच्या वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या तळाशी वर्षानुवर्षं कुजलेले पंप माझ्याकडे येतात आणि त्यांचे बोल्ट सोडवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. एखादा बोल्ट सुटत नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी त्याला शिव्या घालते, चहा प्यायला जाते, परत येऊन पुन्हा शिव्या घालते. नवरा म्हणतो, गिऱ्हाईक समोर असताना तरी जपून बोलत जा. गिऱ्हाइकालाही तो बोल्ट सुटायलाच हवा असतो, त्यामुळे आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

गाडी गावातल्या घरामागे, निंबाखाली उभी होती. दारव्ह्याहून यवतमाळकडे येताना रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. लांब नाकाची, गोल दिव्यांची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा असलेली ही गाडी बाबानं घेतली तेव्हाच म्हातारी होती. आता अशा गाड्या लोक हौसेनं रंगवतात आणि लग्नाच्या फोटोत उभ्या करतात. मला फोटो नको होते. मला ती चालू करायची होती, आणि त्याआधी तिच्या नाकात काय झालं होतं ते बघायचं होतं.

कारण ते नाक बंद होतं. दोन दिव्यांच्या मधे, हवा आत जाण्यासाठी जी जाळी असते, तिच्यावर बाबानं एक जाड पत्रा बसवून घेतला होता. चारी कडांनी बोल्ट. तो पत्रा लागल्यापासून गाडी जागची हलली नव्हती. लहानपणी त्या जाळीला मी गाडीचे दात म्हणायचे. पत्रा लागल्यावर ती तोंड दाबून धरलेल्या माणसासारखी दिसायला लागली. माहेरी आले की संध्याकाळी निंबाखालून जाताना मी तिच्याकडे बघणं टाळायचे. चांगली लग्न झालेली, दुकान चालवणारी बाई मी, तरी टाळायचे.

आता मामाचं सांगायला हवं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी हिरवी बोंडं आतून पोखरून टाकायची, आणि उरलासुरला कापूस घेऊन खरेदी केंद्रावर जावं तर गाड्यांची आणि बैलगाड्यांची रांग गावाबाहेर गेलेली. बाबा त्या रांगेत दिवसच्या दिवस गाडी लावून बसायचा. उडणारा कापूस त्याच्या केसांत, मिशांत, गाडीच्या जाळीत अडकायचा. पण त्या वर्षांत गाडीला कापसापेक्षा दुसरंच काम जास्त लागलं. आसपासच्या गावांत चारचाकी म्हणायला एवढीच होती. कोणाच्या पोटात विष गेलं, कोणाला फवारणी करताना भोवळ आली, की लोक आमच्या दारात पळत यायचे. बाबा हौद्यात गादी टाकायचा आणि यवतमाळच्या दवाखान्याकडे गाडी सोडायचा. येताना गादीवर कधी माणूस असायचा, कधी चादरीत गुंडाळलेलं प्रेत. नंतर हौदा तो स्वतः धुवायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. एकदा फळीखाली कोणाची तरी एकच चप्पल अडकून राहिली होती. ती कोणाची हे विचारायला जायचं कसं, म्हणून ती कितीतरी दिवस आमच्या ओसरीच्या कोपऱ्यात पडून होती.

पुढे पुढे लोक वरातीला ही गाडी नको म्हणायला लागले. गाडी बाधली, म्हणायचे. अडल्यावर मात्र तीच लागायची. मायला या बोलण्याचा फार राग यायचा. दसऱ्याला बाकीचे लोक गाडीला हार घालतात, नारळ फोडतात. आमची माय गाडीची ओटी भरायची. ती म्हणायची, ही लोकांना पोटात घेऊन जाते, ही बाईच आहे, हिची ओटी भरली पाहिजे. खण, मूठभर तांदूळ, सुपारी आणि पहिल्या वेच्याच्या कापसाचा बोळा. हे सगळं ती सीटवर ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी बाबा ते देवीच्या देवळात नेऊन द्यायचा. गावात यावरून हसणारे होते. तिच्यासमोर कोणी हसत नसे.

मामा म्हणजे मायचा पाठचा भाऊ. आमच्याच गावात राहायचा, रोज सकाळचा चहा आमच्याकडे प्यायचा. त्या वर्षी दसरा नुकताच होऊन गेला होता. अळी एकेकट्या औषधाला जुमानत नव्हती, म्हणून मामानं दोन-तीन औषधं एकत्र करून कापसावर फवारली. सगळेच तसं करत होते. दुपारी तो शेताच्या धुऱ्यावर, बांधाला, पडलेला सापडला, तोंडाला फेस, अंग घामानं भिजलेलं. बाबानं त्याला हौद्यात घेतलं. माय त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, सोबत शेजारचे दोघे. मी तेव्हा यवतमाळात नवी नवी नांदायला आले होते. हे सगळं मला नंतर कळलं. यवतमाळ अजून बरंच लांब असताना चढावर गाडीच्या नाकातून वाफ निघाली आणि इंजिन जाम झालं. बाबानं रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पाण्याचा थेंब नव्हता. खाली रस्त्यावर गळतीचा डागही नव्हता. शेजाऱ्यांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं. दुसरं वाहन मिळेपर्यंत मामा मायच्या मांडीवरच गेला.

दहाव्याला सगळ्या लोकांसमोर बाबा म्हणाला, "पाणी पाह्याचं राहून गेलं. माहं चुकलं."

त्यानंतर तो जगला तितकी वर्षं, तो घराबाहेर निघाला की माय त्याला विचारायची, "पाणी पाह्यलं काय?" सायकलवर दळण आणायला निघाला तरी. शेतात पायी निघाला तरी. आवाज चढवून नाही. आज भाजी कोणती करू, असं विचारावं तितक्या सहज. आणि बाबा दरवेळी उंबऱ्यापाशी थांबून म्हणायचा, "चुकलंच माहं त्या दिवशी." मग ती आत वळायची आणि तो जायचा.

मी माहेरी आले की हे ऐकायचे आणि माझा जीव जळायचा. मायचा राग यायचा, बाबाचा त्याहून जास्त. पाणी न बघता गाडी काढणारा माणूस तो नव्हताच. सकाळी तोंड धुण्याआधी बादली घेऊन गाडीकडे जाणारा माणूस. रेडिएटर वरच्या बाजूला चिरला असेल, पाणी वाफ होऊन उडालं असेल, म्हणून खाली गळती दिसली नसेल, असं मी त्याला एकदा म्हणाले. तो म्हणाला, "जाऊ दे ना व. झालं ते झालं." पुढे बाबा वारला, त्याला घराबाहेर काढला, तेव्हाही माय अंगणात लोकांसमोर म्हणाली, "माह्या भावाजवळ चालला. आता त्यालेच सांग म्हणा, पाणी काहून नाही पाह्यलं."

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. पत्रा काढायचा, रेडिएटर बाहेर काढायचा, त्यातली चीर शोधायची आणि ती मायला दाखवायची. मेलेल्या माणसाचा एवढा तरी हक्क असतो, असं मला वाटत होतं.

मिस्त्री दारव्ह्याचा. बाबाच्या वयाचा, बाबाच्या गाडीचं सगळं काम त्याच्याच हातचं. मी त्याला चाचा म्हणते. हात आता थरथरतात, चष्मा दोरीनं बांधलेला, जीभ मात्र शाबूत. मी बोलावलं तर तो काही केल्या येईना. आधी म्हणाला गुडघे दुखतात. मग म्हणाला घरात लग्न आहे. मग म्हणाला, "बेटा, गाडी माह्या गॅरेजले पाठव. ट्रॅक्टरनं ओढत आण. तिथं आरामात खोलू."

मी म्हटलं, चाकं मातीत रुतलीत, पुढचं वजन कमी केल्याशिवाय ती हलायची नाही.

"मंग गॅसनं नाकच कापून टाकू ना. दुसरं लावून देतो, एकदम मस्त."

मला दुसरं नाक नको होतं. तू आला नाहीस तर मी एकटी सुरू करते, असं सांगितलं तेव्हा एका रविवारी तो आला. आल्याआल्या त्यानं गाडीकडे नाही, मायकडे बघितलं. माय गाडीच्या समोरच, निंबाच्या सावलीत सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. एरवी हे काम ती चुलीजवळच्या दारात करते.

बंपरचे बोल्ट गंजलेले होते, पण सरळ होते. मी आदल्या आठवड्यातच येऊन त्यांच्यावर मट्टीतेल आणि डिझेल मिसळून सोडलं होतं. तारेच्या ब्रशनं आटे घासले, डोक्यावर हातोडीचे हलके टोले दिले. त्यानं आतला गंज मोकळा होतो. मग पाना लावून आधी किंचित आवळायचं आणि नंतर सोडायचं. हे मला बाबानं शिकवलं. गंजलेला बोल्ट सरळ सोडायला गेलं की त्याची मान तुटते, आधी त्याच्या मनासारखं थोडं करून घ्यायचं. तसं करत करत बंपरचे बोल्ट एकेक करून सुटले. पहिला सुटला तेव्हा जो आवाज निघाला, लांबलचक आणि वर चढत जाणारा, त्यानं मायचं सूप थांबलं. मलाही तो आवाज सहन झाला नाही. हौद्यात कोणीतरी कण्हलं असं वाटून मी मागे बघितलं. हौद्यात निंबाचा वाळलेला पाला होता.

पत्र्याचे बोल्ट वेगळे निघाले. बाहेरून डोकं, आतून नट. अशा बोल्टाला दोन माणसं लागतात. एकानं पुढून डोकं धरायचं, दुसऱ्यानं बोनेटखाली हात घालून नट फिरवायचा. लहानपणी डोकं धरायचं काम माझं आणि नट बाबाचा. "सोडू नको व," तो बोनेटखालून म्हणायचा, आणि मी दोन्ही हातांनी पाना धरून बसायचे. चाचाला आता वाकवत नव्हतं, म्हणून मी एकटीनंच पुढून पाना लावून पाहिला. एकट्या माणसानं जोर लावला तर बहुतेक वेळा बोल्ट आणि नट दोन्ही सोबतच गरागरा फिरतात. हे फिरले नाहीत. पान्यावर लांब पाइप चढवला आणि सगळं वजन टाकलं, तरी नाही. पलीकडून कोणीतरी पाना लावून घट्ट धरून बसलंय, असं हाताला अगदी स्पष्ट जाणवत होतं. मी पाना खाली ठेवला आणि बोनेटखाली डोकावले. तिथे कोणी नव्हतं. कोणी असणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी डोकावले.

मग बॅटरीचा उजेड मारून आत नीट पाहिलं. नटाच्या बाहेर आलेलं बोल्टाचं टोक हातोड्यानं ठोकून चपटं केलेलं होतं. एकाचं नाही, सगळ्यांचं. असं केलं की नट कधीच मागे येत नाही. हे गंजाचं काम नव्हतं. कोणीतरी मुद्दाम, पुन्हा कधी उघडता येऊ नये म्हणून, मेहनत घेऊन हे केलं होतं.

"कोणत्या गाढवानं ठोकलं हे?" मी म्हणाले.

चाचा बिडी पेटवत होता. "असंन कोणी," तो म्हणाला.

दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची संधी मिस्त्री लोक सोडत नाहीत. एरवी चाचानं त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तो गुपचूप धूर सोडत राहिला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या दिवशी अंधार पडायच्या आत आम्ही काम आवरलं. जाताना तो म्हणाला, "राहू दे ना बेटा हे नाक. इंजिन पाहू. नाकाचं काय आहे एवढं?" आठवडाभर दुकानात तार गुंडाळताना ती चपटी टोकं माझ्या डोळ्यांसमोर होती. बाबानं हे करून घेतलं असेल तर कशासाठी? चीर लपवायला कोण पत्रा ठोकतं? चीर तर त्याच्या फायद्याची होती.

पुढच्या रविवारी चाचा गॅसची टाकी घेऊन आला. मी ग्राइंडरनं चपटी टोकं घासली, जिथे ग्राइंडर पोचत नव्हता तिथे छन्नी चालवली. मग तो नट लाल करायचा आणि मी लाल नटाला मेणबत्ती टेकवायचे. मेण पातळ होऊन आट्यांत शिरतं आणि अडलेला नट वाट देतो. खालच्या बाजूचे नट असे सुटले. एकाची मान तुटली, त्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या. मायनं एरवी तोंड सांभाळ म्हटलं असतं. ती तूर पाखडत होती, पण सुपात तूर नव्हतीच. नुसतं सूप हलत होतं.

"भाभी, चहा पाजा ना जरासा," चाचा म्हणाला.

"होऊन जाऊ द्या आधी," माय म्हणाली.

वरच्या नटाला गॅस लावला आणि थोड्याच वेळात वास आला. आमच्या भागात हा वास कोणाला ओळखू यायचा राहत नाही. गंजीला ठिणगी लागली की आधी हाच वास येतो, धूर मागाहून दिसतो.

माय उठून उभी राहिली. "कापूस जळून राह्यला," ती म्हणाली.

चाचानं झटकन गॅस बंद केला आणि मी फटीतून पाण्याचा तांब्या ओतला. रेडिएटरजवळ कापूस कशाला असेल, हे मी विचारणार होते. मग चाचाचं तोंड बघितलं आणि विचारलं नाही. "उडता कापूस जमला असंन भाभी, रांगेत उभी राहायची ना गाडी," तो मायला म्हणाला. माय पुन्हा बसली. पण आता तिनं सूप खाली ठेवून दिलं होतं.

शेवटचा नट छन्नीनं फोडावा लागला. पत्रा आणि त्यामागची जाळी त्याच बोल्टांत होती, दोन्ही सोबत सैल झाली. मी ती उचलणार तेवढ्यात चाचा माझ्या आणि मायच्या मधे येऊन उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून. तेव्हा मी जाळी बाजूला काढली.

चीर नव्हती. रेडिएटरच्या बारीक पापुद्र्यांवर, मधोमध, एक खण पसरून चिकटला होता. उंदरांनी कडा कुरतडल्या होत्या, वरचा भाग आता गॅसनं काळा पडला होता. पण लाल काठ ओळखू येत होता. खणावर कापसाचा थर, थरावर धूळ. खालच्या पट्टीत सुपारी अडकलेली होती. हवा आत जायला जागाच उरली नव्हती. इतके पंप जळालेले बघितलेत मी; बघता क्षणी मला सगळं समजलं. त्या दसऱ्याला मायनं ओटी सीटवर ठेवली नव्हती. लोक गाडी बाधली म्हणत होते, म्हणून तिनं ती गाडीच्या पोटातच सारली होती, जाळीच्या फटीतून.

चाचा खाली वाकल्यासारखं करून हलक्या आवाजात बोलला. "पाणी भरलं होतं त्यानं सकाळी. पूर्ण. उकळून उकळून उडालं. रस्त्यावर झाकण खोललं तवा जाळीतून हा काठ दिसला त्याले. मांग भाभी बसली होती, भाऊ मांडीवर. काय बोलन तो? दुसऱ्या दिवशी मले बोलावलं. म्हणे, पत्रा ठोक, अन असा ठोक का कोणाच्या बापाले उघडला नाही पाह्यजे."

"काढून काहून नाही टाकला?"

"मी बी तेच म्हटलं. म्हणे, ओटी हाय, बाईनं भरली हाय, मी हात नाही लावत. अन काढाले गेलो तं तिले दिसन." चाचानं डोळे पुसले. रडला की धूर झोंबला, मला सांगता येत नाही. "माह्याकडून कसम घेतली होती त्यानं. आज मोडली मी."

मला राग आला. इतका राग मला आजवर कशाचाच आला नव्हता. चाचाचा, बाबाचा, मायचा, त्या खणाचा. इतकी वर्षं उंबऱ्यापाशी थांबून थांबून तो माणूस माहं चुकलं म्हणत राहिला. लोकांसमोर म्हणाला, मेल्यावरही ऐकून घेतलं. मी चीर दाखवायला आले होते. आता माझ्याकडे चिरेपेक्षा मोठी वस्तू होती. ती उचलून मायच्या समोर धरायची, की बाबा सुटला. एवढंच करायचं होतं. माझा हात खणाकडे गेलाही होता.

"निघाला काय पत्रा?" मागून माय म्हणाली.

ती उठून येत होती. चाचानं खण ओरबाडून काढला, सुपारीसकट गोळा केला आणि पान्यांच्या पिशवीत कोंबला. मी त्याला थांबवलं नाही. का, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

माय आली. रेडिएटरसमोर वाकली आणि त्यावरून तळवा फिरवला, वरून खाली, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा. "कुठं फुटलं तं नाही," ती म्हणाली.

"नाही."

मग ती जमिनीवर ठेवलेल्या जाळीजवळ बसली. तिची बोटं जाळीच्या दांड्यांवरून गेली आणि एका फटीत थांबली. त्या फटीतून खण घडी करून आत सारता येतो. बोटं तिथेच राहिली.

"दुसरं काही निघालं नाही ना आतून?" तिनं विचारलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. आवाज अगदी साधा होता, पण मानेची शीर उडत होती. म्हातारी बाई दोन रविवार उन्हातान्हात या गाडीसमोर का बसून होती, हे मला त्या क्षणी समजलं. ती घाबरली होती. आजच नाही, मामा गेला त्या दिवसापासून. तिला खात्री नव्हती आणि खात्री करून घ्यायचं धाडस नव्हतं. रोज उंबऱ्यापाशी ती बाबाला टोचत नव्हती. त्याच्या तोंडून एकदा ऐकल्याशिवाय तिचा दिवस जात नव्हता, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. मला वाटत होतं तो खाली मान घालून शिक्षा भोगतोय. तो तिला औषधाचा डोस द्यावा तसं रोज ते वाक्य देत होता. आता तो नव्हता आणि तिनं मला विचारलं होतं.

"काय निघणार?" मी म्हणाले. "उंदरानं घर केलं होतं. चिंध्या होत्या."

"मंग पाणीच नव्हतं."

चाचा पिशवीचं तोंड बांधत होता. गाठ बसत नव्हती.

"नव्हतं, माय," मी म्हणाले. "बाबाचंच चुकलं."

मायनं जाळीतून बोटं काढली, पदरानं तोंड पुसलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "होते माणसाची चूक. मी माफ केलं त्याले."

मी मान हलवली. ती चहा टाकायला आत गेली.